रात्रीचे भाडे का नाकारले जाते, हेही पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्यरात्रीनंतर टॅक्सीचालकाने भाडे नाकारले, प्रवाशाने हुज्जत घातली आणि प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेले, अशा बातम्या मुंबईच्या वृत्तपत्रांत अधूनमधून येत असतात आणि त्यांत बहुधा चालकाच्या मुजोरीवरच बोट ठेवलेले असते. मुजोर चालक असतात, हे मीही पाहिले आहे. परंतु परळच्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करताना मी गेली अनेक वर्षे रात्री-अपरात्री काळ्या-पिवळ्या टॅक्सीने चेंबूरला घरी जात आले आहे. त्या अनुभवावरून माझे असे ठाम मत झाले आहे, की या भांडणांचे मूळ बहुतेक वेळा टॅक्सीच्या पाळ्या, रिक्षांची हद्द आणि रात्रीच्या सोयींचा अभाव यांत असते, आणि ते दूर करणे परिवहन विभागाला व महापालिकेला सहज शक्य आहे.

ज्यांना रात्री या भागातून जाण्याचा प्रसंग येत नाही, त्यांच्यासाठी परिस्थिती थोडी सविस्तर सांगते. माहीम आणि सायनच्या दक्षिणेला, म्हणजे मूळ मुंबई शहरात, रिक्षांना परवानगी नाही. शेवटच्या लोकल निघून गेल्या की पहाटे चारच्या सुमारास पहिली लोकल सुटेपर्यंत रस्त्यावर हात दाखवून थांबवता येईल असे वाहन एकच उरते, ते म्हणजे काळी-पिवळी. ॲपवरची गाडी मिळते, पण त्या वेळी तिचे भाडे चढलेले असते, आणि चालक फोनवर ठिकाण विचारून फेरी रद्द करतो, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. त्यामुळे परळच्या नाक्यावर रात्री दीड वाजता उभ्या असलेल्या परिचारिकेला किंवा रुग्णाच्या नातेवाइकाला टॅक्सीवाल्याच्या होकारावर किंवा नकारावर फार अवलंबून राहावे लागते.

आता नकाराचे कारण पाहू. सर्वाधिक वेळा कानावर पडणारे वाक्य म्हणजे ‘गाडी छोडनी है’. बऱ्याच टॅक्सी दोन पाळ्यांत चालतात. रात्रपाळीचा चालक गाडीचा मालक असतोच असे नाही. मालकाला दर पाळीचे ठरलेले पैसे देऊन जे उरेल ती त्याची कमाई. पहाटे गाडी जोडीदाराच्या हवाली करण्याआधी त्याला सीएनजीच्या रांगेत उभे राहायचे असते आणि ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी पोहोचायचे असते. अशा वेळी परळहून चेंबूरचे भाडे घेतले तर परतताना त्याला गाडी रिकामी आणावी लागते, कारण सायनच्या पलीकडे लोकांना स्वस्त पडणारी रिक्षा दारात मिळते आणि टॅक्सीला कोणी हात करत नाही. म्हणून तो सुचवतो, ‘सायन तक छोड देता हूँ, आगे रिक्षा मिल जाएगी.’ त्याच्या बाजूने पाहता हे गैर नाही. पण सायनला रात्री एकटीने उतरून, सामान सांभाळत दुसरे वाहन शोधण्याची कल्पना कोणत्याही बाईला सुखाची वाटणार नाही. मलाही ती कधीच वाटली नाही. दोघांचेही म्हणणे खरे असते आणि तरीही भांडण होते.

त्यात भीतीची भर पडते, आणि ती दोन्ही बाजूंना असते, हे मला एका प्रवासात फार स्पष्टपणे दिसले. त्या रात्री थांबलेला चालक उत्तर प्रदेशातल्या प्रतापगडकडचा, पन्नाशीचा गृहस्थ होता. मी सवयीप्रमाणे नंबरप्लेटचा फोटो काढून घरी पाठवला, तेव्हा त्याने राग न मानता आतला दिवा लावला, डॅशबोर्डवरचे भाड्याचे दरपत्रक माझ्याकडे केले आणि खिशाला लावलेला बिल्ला पुढे करून म्हणाला, ‘इसका भी नंबर ले लीजिए.’ दादर ओलांडेपर्यंत आतला दिवा तसाच होता. पुढे बोलता बोलता त्याने सांगितले की, काही दिवसांपूर्वी चार तरुण वरळीला जायचे म्हणून बसले, आत दारू प्याले, उतरताना पैसे मागितले तेव्हा एकाने त्याची कॉलर धरली आणि सगळे गल्लीत पसार झाले. तेव्हापासून घोळका दिसला की तो गाडी थांबवत नाही, आणि एकटा पुरुष असला तर आधी अर्धी काच खाली करून बोलतो. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ही अर्धी काच उद्धटपणाची वाटते. मलाही ती त्याआधी तशीच वाटत असे. घरापाशी सुटे पैसे नव्हते म्हणून मी जास्तीची नोट राहू द्या म्हटले, तर त्याने ते ऐकले नाही. समोरच्या टपरीवाल्याकडून मोड आणून उरलेले पैसे माझ्या हातावर ठेवले आणि मगच तो निघाला.

रुग्णालयांच्या परिसरात या चालकांचे आणखी एक काम चालते, ज्याची नोंद कुठेच होत नाही. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर किंवा दादरला रात्री उतरलेली, टाटा रुग्णालयात तपासणीला आलेली बाहेरगावची माणसे टॅक्सीतच पहिल्यांदा विचारतात, की आता रात्री राहायचे कुठे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कुठे आहे, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेसाठी सकाळी किती वाजता यावे, हे त्यांना सांगणारा पहिला मुंबईकर पुष्कळदा टॅक्सीवालाच असतो. अशांना मुद्दाम लांबून फिरवून जादा पैसे उकळणारेही असतात आणि त्यांच्यावर कडक कारवाई झालीच पाहिजे. मात्र काहींच्या लबाडीवरून सगळ्यांची किंमत करणे अन्यायाचे होईल.

कायद्याचे म्हणाल, तर भाडे नाकारणाऱ्या चालकाला दंड करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या १७८ व्या कलमात आहे, आणि ती योग्यच आहे. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये झाले आणि मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत मीटरच्या भाड्यावर २५ टक्के आकार पूर्वीपासून आहेच. परंतु हा रात्रीचा आकार शेवटच्या तासातल्या लांबच्या भाड्याला पुरत नाही, कारण परतीच्या रिकाम्या फेरीचा हिशेब त्यात धरलेला नाही. चालकाच्या थकव्याचीही अशीच उपेक्षा होते. मोटार परिवहन कामगारांसाठीचा १९६१ चा कायदा २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत दिवसाला आठ तासांची मर्यादा घालत होता, पण पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच तो लागू होता. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतली दिवसाला १२ तासांची मर्यादा ॲपवरच्या चालकांसाठी होती. पाळीवर दुसऱ्याची काळी-पिवळी चालवणारा माणूस या दोन्हींच्या बाहेरच राहिला. सलग किती तास जागा असलेला माणूस आपल्याला घेऊन पूर्व द्रुतगती महामार्गावरून निघाला आहे, हे प्रवाशाला कळण्याचा कोणताही मार्ग नाही, आणि मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

एक साधा उपाय शासनाने स्वतःच सुचवला होता. टॅक्सीच्या टपावर तीन रंगांचे दिवे बसवायचे, गाडी रिकामी असेल तर हिरवा, प्रवासी असेल तर लाल आणि चालकाची पाळी संपली असेल तर पांढरा, असा निर्णय २०२० च्या सुमारास जाहीर झाला होता. आज रात्री रस्त्यावर उभे राहिले तर असे दिवे क्वचितच दिसतात. हा निर्णय अमलात आला असता तर ‘गाडी छोडनी है’ हे खरे कारण आहे की सबब, हा वादच उरला नसता. पांढरा दिवा असलेल्या गाडीला कोणी हात केला नसता आणि हिरवा दिवा लावून नकार देणाऱ्याला दंड करणे वाहतूक पोलिसांना सोपे गेले असते.

दुसरी गोष्ट जागेची. परळला आचार्य दोंदे मार्गाच्या परिसरात केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालये अगदी जवळजवळ आहेत आणि तिथे रात्रभर माणसांची ये-जा असते. या भागात रात्री १२ ते ५ या वेळेसाठी उजेडाचा, पोलिसांची गस्त असलेला टॅक्सीथांबा करावा आणि तिथे चालकांसाठी पाणी व वापरण्याजोगे स्वच्छतागृह असावे. रात्रपाळीच्या चालकाला लघुशंकेसाठी आडोसा शोधावा लागतो, ही लाज त्याची नव्हे, महापालिकेची आहे. विमानतळावर असते तशी आगाऊ भाडे भरण्याची खिडकी इथे ठेवली आणि सायनपलीकडच्या भाड्यात परतीचा काही अंश परिवहन प्राधिकरणाने अधिकृतपणे धरला, तर मी तो आनंदाने भरेन. माझ्या बरोबरीच्या परिचारिकांचेही हेच म्हणणे आहे. त्याचबरोबर सायनला रात्रीच्या रिक्षांसाठी पोलिसांच्या नजरेखालची रांग हवी, म्हणजे ज्यांना तिथे वाहन बदलणे परवडते त्यांना ते निर्धास्तपणे बदलता येईल.

प्रवाशांनीही काही पथ्ये पाळावीत. गाडी थांबताच दार उघडून आत बसण्याआधी ठिकाण सांगावे, सुटे पैसे जवळ ठेवावेत, आत मद्यपान करू नये. खरोखर धोका वाटला तर १०३ किंवा ११२ या पोलीस मदत क्रमांकांवर फोन करावा, पण नुसत्या नकारावरून चालकाच्या अंगावर धावून जाऊ नये.

आपल्या वार्ताहराने एखाद्या रात्री एक ते चार या वेळेत केईएमच्या फाटकाबाहेर उभे राहून किती टॅक्सी थांबतात, किती निघून जातात आणि जाताना चालक काय कारण सांगतात, याची नोंद घ्यावी आणि ती परिवहन आयुक्तांपुढे ठेवून टपावरच्या दिव्यांच्या निर्णयाचे पुढे काय झाले, हे त्यांना विचारावे, अशी माझी विनंती आहे.

आपली,
रक्तपेढीतील एक तंत्रज्ञ, चेंबूर