पुंडलिक दिवाळीला येतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला संत स्त्रियांच्या मातृपितृभक्तीवरचा लेख वाचला. भाषा गोड आहे, लेखकमहाशयांचं अभिनंदन. पण उदाहरणं कुठून शोधली? जनाबाई लहानपणीच गंगाखेडहून पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली. जन्मभर दळण-कांडण केलं ते नामदेवाच्या घरचं. मुक्ताबाईच्या आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं तेव्हा ती एवढीशी पोर. सेवा कुणाची करायची? आणि कान्होपात्रा! आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची. आईचा, शामा नायकिणीचा धंदा नको म्हणून ती वारकऱ्यांबरोबर पंढरीला गेली. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला. देवळातलं तरटीचं झाड तिचंच मानतात. आईचं ऐकलं असतं तर तिचं नाव तरी राहिलं असतं का? तिलाच तुम्ही गुणी लेकींच्या रांगेत बसवलंत.

आईबापांची सेवा म्हटलं की नाव पुंडलिकाचं. त्याने तर आधी त्यांना छळलं, मग उपरती झाली. तरी देव २८ युगं विटेवर उभा.

माझी आई अर्धांगाने सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे. नळाला पाणी पाचव्या दिवशी, आणि आईला पांघरायला सोलापुरी चादरच हवी. ती ओली झाली की एकटीला पिळवत नाही. एक टोक खिडकीच्या गजाला अडकवायचं आणि दुसऱ्या टोकाने पीळ घालत मागे मागे सरकायचं. वर पाणी बादलीतच पडायला हवं, ते संडासात टाकायला लागतं. भाऊ दिवाळीला यायचा, चार दिवस आईचे पाय चेपायचा. तो वाईट नाही हो. पण तेराव्याच्या कीर्तनात बुवांनी भर मांडवात त्याला ‘आजचा पुंडलिक’ म्हटलं, विठ्ठलनामाचा गजर झाला. मी आत चहा गाळत होते. गजर कशाचा, ते जाऊबाईंनी येऊन सांगितलं.

तुमचे लेखक त्या मांडवात नव्हते, त्यांचा काय दोष!

ता. क. : कान्होपात्रेच्या मजकुराशेजारी चित्र मीराबाईचं छापलंय. मंगळवेढ्यात लोक हसले असतील. आणि या पुरवणीला जागा करायला नळाच्या वेळांची चौकट काढलीत का? आमच्याकडे परवा पहाटे साडेतीनला पाणी येऊन गेलं, कळलंच नाही.

आपली नित्य वाचक,
पूर्व भाग, सोलापूर