नाडी हाताने मोजू द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अपघातस्थळी मदत किती मिनिटांत पोहोचली, यावर वर्तमानपत्रांत वरचेवर लिहून येते आणि ते यायलाच हवे. पण पोहोचलेल्या माणसाने पहिल्या मिनिट-दीड मिनिटात रुग्णाकडे कसे पाहिले, याची चर्चा कुठेच होत नाही. आपत्कालीन वैद्यकीय प्रतिसादकांना शिकवण्याचे काम मी करतो, म्हणून हे पत्र.

या दीड मिनिटाचा क्रम ठरलेला आहे. आधी जागा आपल्यासाठी सुरक्षित आहे का ते पाहायचे. रक्ताची धार लागली असेल तर ती सगळ्यात आधी दाबायची. मग श्वासमार्ग, श्वास, नाडी आणि त्वचा, शुद्ध, आणि शेवटी कपडे बाजूला करून लपलेली जखम. जिथे बिघाड सापडेल तिथेच थांबून तो सावरायचा, पुढे सरकायचे नाही. वाचायला हे सोपे वाटते. पण एकेकाळी डॉक्टरांकडेही असा सर्वमान्य क्रम नव्हता. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात डॉ. जेम्स स्टायनर यांचे छोटे विमान कोसळले. पत्नी जागीच गेली, सोबतची चारही मुले जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात मुलांना मिळालेले उपचार पाहून हे अस्थिशल्यचिकित्सक अस्वस्थ झाले आणि त्यातून १९७८ मध्ये गंभीर जखमींच्या उपचारांचा पहिला अभ्यासक्रम उभा राहिला. आज जगभर शिकवला जाणारा क्रम बराचसा त्यातूनच आला आहे.

क्रम पाठ होतो, डोळा मात्र सरावानेच तयार होतो. आमच्या सरावात एकाच्या कपाळावर खोटे रक्त माखून त्याला ओरडायला सांगतात. दुसरा भिंतीला टेकून गप्प बसलेला असतो. अंगावर ओरखडा नाही, पण खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जातात आणि एका दमात दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नाही. नवे विद्यार्थी जवळजवळ नेहमी रक्ताकडे धावतात. खरे तर जो ओरडतो आहे, त्याचा श्वासमार्ग निदान त्या क्षणी मोकळा आहे. अनेक जखमींतून कुणाला आधी हलवायचे हे ठरवण्यासाठी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेल्या ‘स्टार्ट’ पद्धतीत चालू न शकणाऱ्या जखमीचा श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त असला, तर तेवढ्यावरच त्याला लाल पट्टी, म्हणजे ‘सगळ्यात आधी’ची खूण, लागते.

आणि नेमका हाच आकडा सगळ्यात जास्त वेळा अंदाजाने लिहिला जातो. कागदावर ‘१८’ किंवा ‘२०’ लिहिले की कुणी विचारत नाही, कारण प्रौढ माणसाचा श्वास साधारण १२ ते २० असतो. नाडी यंत्र सांगते, रक्तदाब यंत्र सांगते; श्वास बहुतेक वेळा माणसानेच मोजावा लागतो. त्याचीही एक रीत आहे. आपण श्वास मोजतो आहोत हे कळले की रुग्णाचा श्वास बदलतो, म्हणून नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरून ठेवायचे आणि नजर छातीवर ठेवून ३० सेकंद मोजायचे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबून हे टाळता येत नाही. धुराने गुदमरलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असला, तर ते यंत्र उत्तम आकडा दाखवते आणि माणूस मात्र दगावत असतो. हृदय बंद पडल्यावर येणारे आचके पाहून ‘श्वास चालू आहे’ असे म्हणणे तर याहून घातक. बेशुद्ध माणसाची नाडी आणि श्वास पाहायला १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही आणि नाडी नक्की लागली नाही तर छातीवर दाब सुरू करायचे. हा निर्णय घेण्याचे धाडस पुस्तकातून येत नाही.

माझा आक्षेप परीक्षेच्या पद्धतीवर आहे. प्रात्यक्षिकात विद्यार्थी म्हणतो, ‘मी नाडी तपासतो’, आणि परीक्षक लगेच तोंडी सांगतो, ‘११०’. विद्यार्थ्याची बोटे मनगटावर नीट टेकलेलीही नसतात. अशा परीक्षेत उत्तीर्ण झालेला मुलगा रस्त्यावर, अंधारात, भोवती नातेवाइकांचा आक्रोश चालू असताना घामेजल्या मनगटावरची बारीक नाडी कशी शोधणार? खऱ्या माणसाच्या अंगावर नाडी आणि श्वास मोजायला लावा, परीक्षकाने स्वतः मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहा, आणि फरक मोठा असेल तर प्रमाणपत्र रोखा. याला पैसा लागत नाही, वेळ लागतो.

हातची कला वापरली नाही तर काही महिन्यांतच बोथट होते, त्यामुळे प्रमाणपत्रानंतरही सराव हवा. त्यात पुनर्तपासणी यायलाच हवी: गंभीर रुग्ण दर ५ मिनिटांनी, स्थिर रुग्ण दर १५ मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून पाहायचा असतो, आणि गाडी सुटली की हेच पहिले राहून जाते.

आणखी एक मागणी रुग्णालयांकडे आहे. रुग्ण सोपवून परतणाऱ्या प्रतिसादकाला पुढे काय निदान झाले ते सहसा कळत नाही. पोट दुखते म्हणून आणलेल्या रुग्णाला आतून रक्तस्राव होता की हृदयविकाराचा झटका, हे त्याला समजले तर पुढच्या वेळी त्याची नजर त्या फिकट, थंड त्वचेवर आधी जाईल. नाव-गाव वगळून दोन ओळींचा निरोप आठवड्यातून एकदा पाठवावा, एवढेच मागणे आहे.

आपला,
एक प्रशिक्षक