कमान आणि तुळई यांना एकच औषध नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला फ्रान्समधल्या रोमनेस्क (अकराव्या-बाराव्या शतकातल्या, कमानींच्या युरोपीय शैलीतल्या) मठांवरचा लेख आवडला. ‘जाड भिंतींमुळे ही चर्च टिकली, तशीच आपली हेमाडपंती देवळेही’ हे त्यातले विधान मात्र दुरुस्त व्हायला हवे. खानदेशात याच समजुतीपायी जुन्या देवळांची दुरुस्ती चुकते आहे.

बर्गंडीतल्या रानातल्या दरीत वसलेला फाँतनेचा मठ घ्या. तिथले चर्च सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी 1139 ते 1147 या काळात बांधले. चाळीसगावजवळच्या पाटण येथील महादेव मंदिराचा निकुंभ राजांचा शिलालेख शके 1075चा, म्हणजे 1153चा. काळ एकच, पण दगड उभा ठेवण्याची रीत अगदी निराळी.

फाँतनेच्या मधल्या दालनावर टोकदार कमानीचे सलग दगडी छत आहे. दालन सुमारे 8 मीटर रुंद आणि 16 मीटरहून उंच. असे छत बांधताना आधी लाकडी सेंटरिंग उभारायचे, दोन्ही अंगांनी दगड चढवत न्यायचे आणि माथ्याचा दगड बसला की साचा सोडवायचा. साचा सुटला की छत दोन्ही भिंतींना बाहेर रेटू लागते आणि हा रेटा पुढे कधीच थांबत नाही. कमान टोकदार असली की तो अर्धगोल कमानीपेक्षा कमी होतो, इतकेच. उरलेल्या रेट्यासाठी तिथल्या गवंड्यांनी बाजूच्या ओवरीच्या प्रत्येक खणावर मधल्या दालनाला काटकोनात एकेक लहान कमानी छत घातले. ही आडवी छते आणि त्यांना पेलणारे बांधकाम हेच खरे धिरे. नुसत्या जाड भिंतीने हे काम झाले नसते. त्याची किंमतही मोजावी लागली. मधल्या दालनाला वरच्या अंगाला खिडक्या ठेवता आल्या नाहीत, त्यामुळे उजेड येतो तो दर्शनी भिंतीतून, वेदीकडून आणि ओवऱ्यांतून. आम्हाला तोच त्या वास्तूचा सर्वांत देखणा भाग वाटतो. धिरे कमी पडले, तर अशा छताच्या भिंती वरून बाहेर कलतात, माथा बसतो आणि आतून लांबच लांब चीर जाते.

पाटणला हा रेटाच नाही. खांब, त्यावर हस्त (तुळईला आधार देणारा पुढे आलेला दगड), हस्तावर तुळई. मग कोपऱ्यांवर तिरके दगड टाकत चौकोन लहान करत नेलेले छत. सगळा भार सरळ खाली. अशा बांधणीची दुखणी दोन. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून तुळई खालच्या अंगाला मधोमध तडकते. दुसरे दुखणे पायाचे. तापीखोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एक खांब दोन बोटे खचला, तरी तुळईचे टोक अधांतरी येते.

पाटणचे मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. काळजी आहे ती गावोगावच्या असंरक्षित देवळांची. गळती लागली की वर स्लॅब टाकला जातो. 10 सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 250 किलो भरते आणि ते सगळे त्याच तडकलेल्या तुळईवर येते. सांधे सिमेंटने लिंपले की वरून शिरलेले पाणी आत कोंडते. फाँतनेत तर उलटे झाले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ विकला गेला, 1820 पासून तिथे कागदाची गिरणी होती. 1906 मध्ये जीर्णोद्धार सुरू झाला तेव्हा गिरणीसाठी वाढवलेली बांधकामे उतरवण्यात आली. आज तिथे चर्चसोबत साधूंचे शयनगृह आणि लोहारकामाची इमारतही पाहता येते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी पाटणला काढलेला मठ मात्र आपल्याला शके 1128च्या शिलालेखातूनच कळतो. याची खंत वाटते.

गळती थांबवायची तर आधी छतावर साचलेली माती आणि गवत काढावे, पाण्याला उतार द्यावा, पन्हळ मोकळी करावी. पिंपळाचे रोप उपटू नये, मुळासोबत दगड हलतो. ते बुंध्याशी कापून मूळ जागीच मारावे. जिथे सांधा भरावाच लागेल तिथे घाणीचा (घाणीत दळलेला) चुना वापरावा: 1 भाग चुन्याला अडीच भाग वाळू आणि सुर्खी (विटांची भुकटी), वर किमान दोन आठवडे ओले गोणपाट. हे काम हिवाळ्यात करावे. वैशाखात चुना पकड घेण्याआधीच सुकतो आणि बोटाने भुगा होऊन निघतो.

तुळईला चीर दिसली तर लगेच भरू नये. चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून शेजारी तारीख लिहावी आणि एक पावसाळा, एक उन्हाळा वाट पाहावी. तोवर तुळईखाली लाकडी टेकू असू द्यावा. काच फुटली तर चीर अजून सरकते आहे. मग आधी पायथ्याशी मुरणारे पाणी दूर वळवावे, वरच्या दगडाला हात त्यानंतर.

– वास्तुजतन क्षेत्रातील काही अभ्यासक, चाळीसगाव