आप्पांचा पाय आणि आईच्या खिडक्या

ती. आई आणि आप्पा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर काका परत म्हणाले, "आप्पा कुणाला पाया पडू देत नाहीत, तिरसट झालेत." मला ते फार लागलं.

आप्पा, ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गाव झोपलं होतं आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने मातीचं माळवद अंगावर आलं. तुमचा एक पाय तेवढा ढिगाऱ्याबाहेर होता. माणूस जिवंत आहे का, हे बघायला लोक तो धरून हलवत होते. तुमच्या तोंडात माती, ओ देता येईना. दिवाळीत नातवाचे हात लागले की मागे जातो तो हाच पाय. मेंदूत अमिग्डाला म्हणून बदामाएवढा भाग असतो, धोका ओळखणारा. एवढ्या आघातानंतर तो सतत सावध राहू शकतो. 'हा आपला नातू' हे कळायच्या आत पाय ओढला गेलेला असतो. यात स्वभावाचा काय संबंध?

आई, तुझ्या खिडक्यांचंही तेच. डोळ्यांची, कानांची, कातडीची खबर आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या चौकीत जाते. वास तिथे न थांबता थेट अमिग्डालाशी आणि आठवणींच्या भागाशी पोचतो. भूकंपानंतर पाऊस लागला होता. ओली माती आणि ओल्या लाकडांच्या चिता, दोन्हींचा वास एकच झाला होता, हे तू एकदाच बोललीस, भाकरी थापता थापता. मृगाच्या पहिल्या सरीला सगळी गल्ली अंगणात येते, तेव्हा तू खिडक्या लावून नाकाला पदर लावतेस. लावत जा. कुणी हसलं तर मला सांग.

मी फिजिओथेरपीत रोज बघते, सांगून लावलेला हात अंग वेगळा घेतं. म्हणून मी समोर येऊन आधी बोलते, "आता गुडघा धरते हं." मुलांनाही सांगितलंय: आजोबांना समोरून हात जोडायचे. झोपेतून उठवायचं तर हाक मारायची, पायाला हात नाही.

आप्पा, याच्यावर इलाज आहे, इतक्या वर्षांनीही. डॉक्टर तुमच्या कलाने, हळूहळू त्या आठवणीशी गाठ घालून देतात. 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणू नका. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट.

दिवाळीत आले की लातूरला जाऊ या. आई, त्यांना विचारून कळव, म्हणजे वेळ घेऊन ठेवते. काकांशी मी बोलते.

तुमची,
ताई