रॉबिन्सनच्या बाजूने

बडोदे, १४ मे

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू मुहम्मद अली हाच सगळ्यांत थोर बॉक्सर असं म्हणत होतास आणि मी गप्प राहिलो, ते तुझं पटलं म्हणून नाही. तुझ्या घरात नातवंडांचा गलका चालला होता, आणि असल्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. म्हणून माझा पहिला नंबर शुगर रे रॉबिन्सनला का, ते सांगायला आज कागद घेऊन बसलोय.

आधी तुझ्या मुलाचं म्हणणं घेतो. आजचा कुठलाही चॅम्पियन जुन्या काळातल्या कुणालाही सहा राउंडांत झोपवेल, कारण आहार, व्यायाम, शास्त्र सगळंच पुढे गेलंय. पुढे गेलंय हे मला मान्यच आहे. पण काल सकाळी सयाजीबागेत फिरायला गेलो होतो, तेव्हा म्युझियममधल्या, गामा पैलवानाने उचललेल्या दगडाची आठवण झाली. आठवतं ना, शाळेत असताना आपण त्याच्यासमोर किती वेळ उभे राहायचो? २३ डिसेंबर १९०२, बाराशे किलो. त्या दगडाचं वजन तेव्हा जेवढं होतं तेवढंच आजही आहे. उद्या कुणी पैलवान आला आणि त्याने तो उचलला, तर वाद तिथल्या तिथे मिटेल. बॉक्सिंगचं तसं नाही रे. तिथे समोरचा माणूस हाच दगड, आणि तो म्हातारा होतो, मरून जातो. मग १९४० सालचा रॉबिन्सन अलीकडच्या टेरेन्स क्रॉफर्डसमोर मनातल्या मनात उभा करून काय सिद्ध होणार? आपल्या काळात तो कुणाकुणासमोर उभा राहिला आणि हरल्यावर पुन्हा त्याच माणसासमोर गेला का, हे मात्र मोजता येतं.

म्हणूनच मला हारींच्या रकान्यातलं ते 'शून्य' कधी भुरळ घालत नाही. मेवेदर ५०-०, मार्सियानो ४९-०. दोघेही थोर, त्यांच्याबद्दल मी वावगा शब्द काढणार नाही. पण मार्सियानोच्या त्या ४९ विजयांत एक १९५१ साली जो लुई या जुन्या चॅम्पियनवर मिळवलेला आहे. सदतीस वर्षांचा, डोक्यावर करांचं कर्ज, म्हणून निवृत्तीतून परत आलेला. ज्या लुईने श्मेलिंगला १९३८ साली १२४ सेकंदांत संपवलं, तो हा नव्हता. आकड्यात हे कुठे दिसतं?

आता रॉबिन्सन. १९४३ च्या फेब्रुवारीत जेक लामोटाने त्याला हरवलं. त्याआधी चाळीस लढती, एकही हार नाही. लामोटा त्याच्यापेक्षा सोळा पौंडांनी जड. आजच्या हिशोबात ही लढत कुणी लावूच देणार नाही. आणि हा पठ्ठ्या काय करतो? तीनच आठवड्यांनी पुन्हा त्याच लामोटासमोर उभा राहतो, सातव्या राउंडात खाली पडतो, उठतो आणि जिंकतो. दोघांच्या एकूण सहा लढती झाल्या, त्यांतल्या पाच रॉबिन्सनच्या. फेब्रुवारी १९४३ च्या त्या हारीनंतर पुढची हार थेट १९५१ च्या जुलैत, लंडनला, रँडी टर्पिनकडून. आठ वर्षांत एकही नाही! आणि टर्पिनलाही त्याने सप्टेंबरातच गाठलं. डोळ्यावरची जखम फुटून रक्त वाहायला लागलं, लढत हातची जाणार असं दिसलं, आणि त्याच दहाव्या राउंडात त्याने टर्पिनला संपवलं.

एक लढत तू जरूर बघ. १ मे १९५७, शिकागो, जीन फुलमर. चारच महिन्यांपूर्वी फुलमरने त्याच्याकडून किताब हिसकावला होता. रॉबिन्सनला छत्तीस पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी. पाचवा राउंड लाव आणि फक्त त्याच्या पायांकडे बघ. तो मागे सरकतोय. आपल्याला उस्तादांनी काय शिकवलं होतं? मागे जाताना ठोशात जोर येत नाही, आधी पाय रोव, मग मार. पन्नास वर्षं मी तेच धरून चाललो. आणि इथे हा माणूस मागे सरकता सरकताच कंबर जराशी वळवतो, आणि कोपर वाकवून मारलेला डावा हूक इतक्या जवळून निघतो की पहिल्यांदा बघताना मला तो दिसलाच नाही. फुलमर पडलेला दिसला, एवढंच. त्याआधी त्याला कधी कुणी नॉकआउट केलेलं नव्हतं. मी ते रात्री साडेअकराला बघितलं, आणि उठून अंधारात ओट्यापाशी उभा राहून तो हूक मारून पाहिला. माझा पाय आपोआप रोवला जातो, सुध्या. अजूनही.

आणि जोई मॅक्सिम! परवा इथे ४३ होतं, दांडिया बाजारात दुपारी कुत्रंसुद्धा नव्हतं, तेव्हा मला तीच लढत आठवत होती. जून १९५२, न्यू यॉर्क, उघडं मैदान, रात्रीसुद्धा चाळीस अंशांची भट्टी. रॉबिन्सन आणखी वरच्या वजनाच्या किताबासाठी उतरलेला, गुणांवर पुढे. दहाव्या राउंडानंतर रेफरीच उकाड्याने कोसळला, दुसरा आणावा लागला. तेरावा संपला आणि रॉबिन्सनला स्टुलावरून उठता आलं नाही. दोनशेच्या आसपास लढतींत लढत अर्धी सोडावी लागली ती एवढीच, आणि तीही मॅक्सिमच्या ठोशांनी नाही.

अलीवर मी अन्याय करत नाही. मनिलाच्या अली-फ्रेझर लढतीच्या बातमीसाठी आपण तुझ्या आजोबांच्या रेडिओला कान लावून बसलो होतो, ते मी कसं विसरेन? माझ्या मोजमापाने अलीही उतरतोच. केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला, सहा महिन्यांत अलीने त्याला परत गाठलं. फ्रेझरकडून हरला, मग दोनदा जिंकला. लष्करात जायला नकार दिला म्हणून साडेतीन वर्षं ऐन उमेदीची बंदीत गेली, नाहीतर काय बघायला मिळालं असतं कोण जाणे. माणूस म्हणून, धैर्य म्हणून अली पहिला, हे मी तुला लिहून देतो. पण बॉक्सर म्हणून अलीचा स्वतःचा आदर्श कोण होता? रॉबिन्सनच ना? मग तुला एवढी अडचण का?

हेन्री आर्मस्ट्राँगचं राहिलंच. मोजकेच आठ वजनगट होते तेव्हा त्याने तीन किताब एकाच वेळी कमरेला बांधले होते, १९३८ साली. दुसरा नंबर मी त्याला देतो, तिसरा अलीला. यावर तू चिडणार, ठाऊक आहे.

तर फुलमरची लढत बघ आणि मला लिही. फोन करू नकोस, पत्रच पाठव, म्हणजे मला पुन्हा पुन्हा वाचता येईल. आणि ती बघितल्यावर तूही एकदा मागे सरकत हूक मारून बघ. तुझा डावा माझ्यापेक्षा नेहमीच हलका होता. कॉलेजात तू कानावर मारलास तो मला दिसला नव्हता. तुझा पाय रोवला जातो की नाही, ते मला खरंच कळायला हवंय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. दिवाळीत आलास की आधी लारीवर सेव-उसळ, मग म्युझियम.

तुझा,
विन्या