मागच्या बाकावर बसलेल्या चाचांना

चाचा, सप्रेम नमस्कार.

‘माझं नाव कुठं टाकू नका, गर्दी झाली की मला काम सुचत नाही’ असं तुम्ही बजावलंय, म्हणून नाव टाकत नाही. शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या पाट्यांचं, म्हणजे स्प्रिंगांचं, काम करणारे बरेच आहेत. ज्याला गरज आहे तो तुम्हाला शोधून काढेलच. पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही, आणि तोंडावर मानायला गेलं की तुम्ही चहा सांगून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर.

आमची थार जीप जुनी, पुढं टॉर्शन बार (पीळ घेऊन धक्का झेलणारी लोखंडी कांब) आणि मागं पाटे असलेली. रविवारी चिखलात घालून फोटो काढायची गाडी नव्हे, रोजच्या चाकरीची. मी गुरांचा डॉक्टर. कळे, साळवण, असळज करत गगनबावड्याकडं जायचं आणि डांबर संपलं की धनगरवाड्याची वाट धरायची. म्हैस अडलीय असा फोन आला की पाऊस किती आहे हे बघत बसता येत नाही, आणि बावड्याचा पाऊस कसा असतो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. गाडीत मागं समोरासमोर दोन बाक. एकावर औषधांची पेटी, दुसऱ्यावर आमचे परिचर, ज्यांना सगळा तालुका मामा म्हणतो. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांत कृत्रिम रेतनाच्या, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या, कांड्यांचं कॅन धरलेलं. आत उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन, त्यामुळं कॅन उभंच राहायला हवं, मामांचं काही का होईना.

तुमच्याकडं येण्याआधी गाड्या नटवणाऱ्या एका चकचकीत काचेच्या दुकानात गाडी ‘अपग्रेड’ करून घेतली होती. बसायला सोफा, गार हवा, भिंतीवर डोंगर चढणाऱ्या गाड्यांची चित्रं. त्यांनी पुढचे टॉर्शन बार आवळून नाक वर केलं, मागं एकेक जादा पाटा चढवला, वर दगडासारखे कडक शॉकअप घातले आणि किल्ली हातात दिली. गाडी दिसायला रुबाबदार झाली, खोटं कशाला बोलू. पण खड्डा आला की मागचं माणूस सुपातल्या दाण्यासारखं उडायचं. तक्रार केली तर म्हणाले, ‘नवीन आहे, हजारभर किलोमीटर जाऊ द्या, बसेल.’ पुन्हा गेलो तर, ‘टायरची हवा कमी करा.’ तिसऱ्यांदा एक पोरगा हसून म्हणाला, ‘डॉक्टर, ऑफरोड गाडी घेतलीय, पालखी नव्हे.’ अ‍ॅक्सलचं रबरी बूट फाटून ग्रीस चाकावर उडालं तेव्हा तोच पोरगा फोन उचलेना. मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही, हे तर त्या सोफ्यावर कुणी काढलंही नाही. असो. बिल मात्र वेळेवर मिळालं.

तुमच्या शेडमध्ये गाडी लावली आणि सवयीनं मी सामान उतरवायला लागलो. तुम्ही हात धरलात. ‘ऱ्हाऊ दे की डॉक्टर. रोज रिकामीच पळती व्हय गाडी?’ मग तुम्ही गाडीखाली वाकला नाहीत, मला काही विचारलं नाहीत, सरळ मागं जाऊन मामांना विचारलंत, ‘तुमचं कुठं दुखतंय?’

मामा बावचळले. गाडीच्या बाबतीत त्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. ‘काय न्हाई, चालतंय,’ म्हणाले. तुम्ही तिथंच पायरीवर बसलात आणि वाट बघितलीत. मग हळूहळू निघालं: कंबर, माकडहाड, आणि कॅन सावरून सावरून डाव्या मनगटाला आलेली सूज.

त्यावर तुम्ही जे केलंत, त्याच्यासाठी हे पत्र आहे. मामांना पुढच्या सीटवर बसवलंत आणि स्वतः, या वयात, मागच्या बाकावर चढून कॅन गुडघ्यांत धरलंत. ‘चला कात्यायनीकडं. आन् माझ्याकडं बघून हळू मारू न्हका.’ कळंबा मागं पडला, रस्ता बिघडत गेला. आरशात तुमची टोपी वर-खाली होताना दिसत होती. एकदा टपाला डोकं लागल्याचा आवाज आला. मी ब्रेक दाबला तर मागून ओरडलात, ‘थांबू न्हका!’ परत आल्यावर उतरलात, कंबरेवर हात ठेवून जरा उभे राहिलात आणि मामांना म्हणालात, ‘लई सोसलंसा.’ मामांनी तोंड फिरवलं. मी पण जरा टायर बघून घेतले.

पुढचं काम तुमच्या हाताला नवं नव्हतं. आवळलेले बार सोडून नाक मूळ उंचीला आणलंत. मला एवढंच समजलं, की बार आवळून स्प्रिंग काही तगडी होत नाही; गाडी नुसती उचलते आणि चाकाला खड्ड्यात उतरायला जागा उरत नाही. जादा पाटे काढलेत, थकलेले मेन पाटे बदललेत, योग्य लांबीचे शॉकअप घातलेत. आणि शॅकलचे, म्हणजे पाटे चासीला जोडणाऱ्या कड्यांचे, बोल्ट शेवटचे आवळायच्या आधी गाडी जॅकवरून उतरवून, पेटी, कॅन आणि मामांसकट चाकांवर उभी केलीत. ‘लोंबत्या चाकावर बोल्ट आवळला की बुशचं रबर कायमचं पिळलेलं ऱ्हातंय,’ म्हणालात. काचेच्या दुकानात यातलं काहीच झालं नव्हतं.

इंजिन असो की पंप, मोडका तुकडा हातात घेऊन तसाच दुसरा करून देणारी माणसं उद्यमनगरात पूर्वीपासून आहेत. हुशारीचं कोल्हापूरला अप्रूप नाही. अप्रूप वाटलं ते याचं, की तुम्ही पैसे देणाऱ्याला सोडून दुखणाऱ्याला विचारलंत. आमच्या धंद्यात जनावर बोलत नाही म्हणून हात लावून बघावं लागतं. माणूस बोलत नसेल तर तेवढी तसदी कोण घेतं? दवाखान्यात बघा, कचेरीत बघा, घरात बघा. बोलणाऱ्याचं आधी होतं.

मामा आता मागं बसून डुलक्या घेतात. कॅन तेवढं धरून असतात.

आणि एक. मजुरी तुम्ही फारच कमी लावलीत, वर ‘गुरांची सेवा करता’ म्हणून त्यातही सोडलीत. शेडमागं बांधलेल्या तुमच्या शेळ्या मी बघितल्यात. पावसाळ्याआधी त्यांना आंत्रविषाराची (आतड्यातल्या विषबाधेची) लस टोचायला येतोय, पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) झाली नसेल तर तीही पुढं मागं टोचू. त्या दिवशी पाकिटाला हात लावायचा नाही. लावलात तर तुमचं नाव छापीन.

तुमचा,
डॉक्टर

ता. क. मामा म्हणतात, त्यांचाही नमस्कार लिहा.