फाळ आणि तुतारी

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
कार्तिक, वेचणीचे दिवस

प्रिय दोस्ता,

जय भीम.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज रात्री लिहायला बसायचो आणि वहीवरच डोळा लागायचा. पहिली वेचणी चालू आहे. दिवसभर ओटीत कापूस आणि बोटांत बोंडाच्या सुकलेल्या टोकांचे ओरखडे, मग पेन धरवत नाही.

तू विचारलंस, "विपश्यनेच्या ध्यान-शिबिराला गेलास म्हणे. काही फरक पडला, की दहा दिवस नुसता आराम?" आराम! लेका, नागपूरजवळ माहुरझरीला पहाटे चारला घंटा होते. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. संध्याकाळी जेवण नाही, पाच वाजता चहा आणि थोडं फळ-मुरमुरे. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. आपल्याला वाटतं, यात काय अवघड? पहिल्या तासात माझं मन सोयाबीनच्या भावावर गेलं, बँकेच्या हप्त्यावर गेलं, सातवीत तू माझी पेन्सिल तोडली होतीस तिथवर गेलं. श्वासावर काही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी गुडघे इतके दुखले, की आता पळून जावं असंच वाटलं. पैसे मात्र कोणी मागत नाही, जाताना इच्छा असेल तर दान द्यायचं.

एक गोष्ट तुझ्यासाठी मुद्दाम लक्षात ठेवली. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून ही पद्धत घेऊन इकडे आले. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते, म्हणजे तुझ्याच लायनीतले. ऑफिसातल्या कारकुनांनाही ते ध्यान शिकवत. तेव्हा 'हिशोबाच्या कामातून सवड नाही' हे कारण तुझ्याकडून मी घेणार नाही.

आता खरी गोष्ट. घरी आलो आणि पडवीत पहाटे बसायला लागलो. चौथ्या दिवशी बाबा बाजेवरून म्हणाले, "डोये मिटून बसासाठी बाबासायबानं दीक्षा देल्ली काय रे? डोये उघडासाठी देल्ली!"

तुला माहीत आहे, बाबा १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेले होते. त्या माणसापुढे काय बोलणार? मी म्हटलं, बावीस प्रतिज्ञांतली अकरावी अष्टांग मार्गाची आहे, आणि सम्यक स्मृती, म्हणजे आत्ता जे होतंय त्यावर नीट लक्ष ठेवणं, त्यातच येते. ते म्हणाले, "प्रतिज्ञा मले पाठ हायेत, तू नको शिकवू." विषय संपला.

पण त्यांचं म्हणणं डोक्यातून जाईना, कारण ते खोटं नव्हतं. आपल्या वस्तीतल्या कित्येकांना हीच शंका आहे, की ध्यानानं माणूस थंड पडेल, अन्यायाला मान तुकवेल. मलाही ती होती. तिचं उत्तर मला ध्यानाच्या गादीवर नाही, कापूस तोलायच्या काट्यावर मिळालं.

कापसाचा पहिला गाडा घेऊन मी एका व्यापाऱ्याकडे गेलो. त्यानं वजन सांगितलं आणि मला कळलं की हे कमी आहे. आपल्या हाताला गाठोड्याचं वजन समजतं, दरवर्षीचं काम. मागच्या वर्षी मी असाच ओरडलो होतो, आईबहिणीवर गेलो होतो, आणि चारचौघांत मीच वेडा ठरलो होतो. या वेळी कान तापले, श्वास आखूड झाला, आणि हे होतंय हे मला दिसलं. बस एवढंच. राग गेला नाही. पण तो आणि माझं तोंड यांच्यामध्ये एक बोट जागा राहिली. मी हळू आवाजात म्हटलं, "गाडा धरमकाट्यावर नेऊ, तुम्हीपण चला." तो आला नाही, पण मी नेला. फरक निघाला, आणि पैसे त्यानं पूर्ण दिले. ओरडलो असतो तर धरमकाटा सुचलाच नसता.

आता हे वाचून मला साधू समजू नको. त्याच संध्याकाळी पोरगा मोबाइल घेऊन बसलेला दिसला आणि मी त्याच्यावर असा भडकलो, की बायको चुलीवरची भाकरी सोडून बाहेर आली. एक बोट जागा रोज मिळत नाही.

बसणं सोडून बाकीच्या वेळाचं म्हणशील, तर सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे स्मृतीवरच्या बुद्धांच्या उपदेशात, भगवंतांनी चालणं, वाकणं, हात पसरणं, खाणं, पिणं सगळं घेतलंय. परसाकडे जाणंसुद्धा सोडलं नाही! हे विहारात वाचलं तेव्हा मागे बसलेली पोट्टी फिदीफिदी हसली. मला आवडलं. हरभऱ्याच्या ओलिताला लाइन रात्रीची असते. दोन वाजता मोटार चालू करायला धुऱ्यावरून जाताना प्रत्येक पाऊल बघावंच लागतं, नाहीतर पाय सापावर. ती आमची चंक्रमण-साधना, चालता चालता करायचं ध्यान. वेचताना मन भरकटलं की बोट टोचतं, तीच घंटा.

तुझी झोप उडालीय असं लिहिलंस. डॉक्टरच्या गोळ्या मनानं बंद करू नको. शिबिराचा अर्ज भरताना आजार आणि औषधं खरीखरी लिही, लपवू नको. तोवर रात्री पाच मिनिटं श्वास बघ, लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. लांब करायला जाऊ नको, तिथंच सगळे फसतात. मीही फसलो.

आता बाबांची पुढची गोष्ट. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात वाचन चालू होतं. मी एक दिवस कसिभारद्वाज सुत्त घेतलं. पेरणीच्या दिवसांत भगवंत एका शेतकरी ब्राह्मणाकडे भिक्षेला गेले. त्याचे पाचशे नांगर चालू. तो म्हणाला, मी नांगरतो, पेरतो, मग खातो, तूही नांगर, पेर आणि खा. भगवंत म्हणाले, मीही नांगरतो. तुझे बैल, नांगर कुठे दिसत नाहीत, असं तो म्हणाला. तेव्हा भगवंतांनी सगळं औत मोजून दाखवलं: श्रद्धा बी, तप पाऊस, प्रज्ञा जू आणि नांगर, लाज इसाड म्हणजे नांगराचा लांब दांडा, वीर्य म्हणजे नेटाचा प्रयत्न, तो बैल. आणि स्मृती? 'सति मे फालपाचनं'. स्मृती माझा फाळ आणि पराणी, म्हणजे बैल हाकायची आपली तुतारी. नंगल, ईसा, फाल. अडीच हजार वर्षांनी आपल्या तोंडात नांगर, इसाड, फाळ आहेतच. पाली शिकायला मला मास्तर लागला नाही, औत पुरलं.

बाबा मागे भिंतीला टेकून ऐकत होते. घरी येताना बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, "फाय म्हणते ना? मंग त्याले लोहाराकडं न्या लागते. एका हंगामात बोथट होते तो."

मी म्हटलं, "म्हणूनच पहाटे बसतो."

ते म्हणाले, "मंग बस. पण बैलाचा चारा टाकून बस, त्यायले उपाशी ठेवू नको."

आता रोज पहाटे आधी गोठा, मग बसणं. बाबा अजून बसत नाहीत. बाजेवर जागे असतात आणि मी उठलो की विचारतात, "झाला का पाजवून?"

आज लाइन बाराला येणार आहे, मोटारीवर जायचंय. पौषात तुला चार दिवस सुट्टी काढता आली तर ये. हुरडा होईल आणि माझी ती पेन्सिलही दाखवतो, तोडलेलीच आहे.

तुझा दोस्त